ताई, तुम्ही नेमकं कुणाला वेचताय?

पत्र थोडक्यात: सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ५४. गच्चीवर ४० कुंड्या. त्यात टोमॅटो, वांगी, मिरची, चवळी, कुंडीतलं लिंबू आणि देवाच्या फुलांसाठी हौसेनं वाढवलेल्या तीन जास्वंदी. चार वर्षांचा नातू टोमॅटो झाडावरूनच तोडून तोंडात टाकतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की रासायनिक औषध गच्चीवर चढू द्यायचं नाही. तेव्हापासून कडुनिंबाचं तेल, आंबट ताक, लसूण-मिरचीचं पाणी, गोमूत्र, साबण असं सगळं आलटून पालटून दर तीन-चार दिवसांनी मारून झालं. तरी जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण (मिलीबग) हटत नाही, वांग्याचे शेंडे माना टाकतात, मिरचीवर बोकड्या (पानं मुरडण्याचं दुखणं) येतो, लिंबाची पानं अळ्या फस्त करतात. पिठ्या ढेकणांतले 'मोठे, केसाळ, भरभर चालणारे' किडे त्या रोज सकाळी चिमट्यानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकतात, तरी ढेकूण कमी होत नाहीत. मिस्टर म्हणतात, वीस रुपयांच्या टोमॅटोला दोनशेचा खर्च. तासगावकडे द्राक्षबाग असलेल्या भावानं बागेतलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणून दिलंय, "ताई, एकदाच मार, विषय संपव" म्हणून. बाटली सध्या माळ्यावर आहे. ताईंचे प्रश्न दोन. एकदाच मारलं तर काय बिघडेल? आणि माझ्या हातालाच गुण नाही का?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एकाच वाक्यापाशी अडकले. 'मोठे, केसाळ, भरभर चालणारे.' पिठ्या ढेकूण भरभर चालत नाही हो. त्याची मादी एकदा पानाच्या बेचक्यात बसली की जवळजवळ तिथेच संसार थाटते, तीन-चार मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही, आणि तिच्या अंगावर पीठ असतं, केस नसतात. तुम्ही सांगताय तो प्राणी वेगळा आहे. उद्या सकाळी चिमटा बाजूला ठेवा आणि आगकाडीचं टोक घेऊन बसा. त्या मोठ्याला हळूच ढोसा. तो जागेवरून पळाला, त्याच्या अंगावर मेणाच्या पांढऱ्या झिपऱ्या लोंबत असल्या आणि उलटा केल्यावर पुढच्या भागात पायांच्या तीन ठळक जोड्या दिसल्या, तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी आहे. बहुधा क्रिप्टोलेमस, नाहीतर त्याच्याच गोतावळ्यातली. पूर्ण वाढली की ती सेंटिमीटरच्याही पुढे जाते, म्हणजे ढेकणाच्या तिप्पट. ती पिठ्या ढेकणासारखी दिसते, कारण तिला त्यांच्यातच राहून त्यांनाच खायचं असतं. अंडी, पिल्लं, मोठे ढेकूण, सगळं शेकड्यांनी खाते. तिचा पुढे होणारा भुंगेरा अगदीच वेगळा दिसतो: मिरीच्या दाण्याएवढा, काळपट, डोकं आणि शेपटाकडची बाजू विटकरी.

म्हणजे रोज सकाळी न चुकता, चष्मा लावून, तुम्ही गच्चीवरचा राखणदार वेचून बुडवत होतात आणि चोर शिल्लक ठेवत होतात. रागावू नका. मीसुद्धा हे केलंय, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या बागवाल्यांनी केलंय. मोठा दिसला की तोच ढेकणांचा म्होरक्या, असं आपलं मन आपोआप धरतं.

हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली तो भारतात आणला तो कॉफीवरच्या खवले किडीसाठी, आणि मग इथलाच झाला. द्राक्षातल्या मिलीबगसाठी तो बागांत सोडतात, हे तुमच्या भावालाही ठाऊक असेल. तासगाव-मिरजेच्या पट्ट्यातून उडत विश्रामबागेतल्या जास्वंदीवर येणं त्याला काही अवघड नाही. तुम्हाला तो विकत आणावा लागला नाही, एवढं तुमचं नशीब.

आता हाताला गुण नसण्याचं. तुमच्या हाताला गुण आहे, फार आहे. हात जरा जास्तच चालतो, एवढंच. दर तीन-चार दिवसांनी काहीतरी मारायचं, दुसऱ्या दिवशी किडे हलताना दिसले की हे लागू पडलं नाही म्हणून दुसरं मारायचं. ताई, कडुनिंबाचं तेल हे झटक्यात मारणारं औषध नाही. त्यातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक किड्याची भूक मारतो आणि त्याला कात टाकू देत नाही. म्हणजे किडा जिवंत दिसतो, पण खात नाही, वाढत नाही, आणि पुढच्या काही दिवसांत संपतो. तुम्ही त्याला तेवढे दिवसच देत नाही. शिवाय तेल आणि साबण यांना आपला-परका कळत नाही. अंगानं मऊ असलेला जो कुणी त्याखाली सापडेल तो गुदमरतो, त्यात ढालकिड्याच्या अळ्याही आल्या. सेंद्रिय म्हणून निर्धास्तपणे दर चौथ्या दिवशी फवारा मारायचा, तर पद्धत तीच राहिली. फक्त बाटली बदलली.

तुम्ही पत्रात लिहिलंय, 'कीड समूळ जायला हवी.' का जायला हवी? ढेकूण समूळ गेले तर ढालकिडा काय खाऊन राहणार? तो जाईल. मग पंधरा दिवसांनी शेजारच्या गच्चीवरून, वाऱ्यावर किंवा मुंग्यांबरोबर ढेकणाची पिल्लं पुन्हा येतील आणि त्यांना अडवायला कुणी नसेल. थोडी कीड बागेत असावी लागते. किती थोडी, हे झाड बघून ठरवायचं: नवा शेंडा फुटतोय, कळी उमलतेय, तर झाड सोसतंय असं समजा.

ही गोष्ट मी तुमच्याच जिल्ह्याकडून शिकले. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा आला, आठवतोय? पानाखाली कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर, आणि खालच्या पानांवर काळी बुरशी. दोन पुरुष उंचीच्या उसात पंप घेऊन शिरणार कोण? औषधं मारूनही आवरेना. तो आटोक्यात आला तो प्रामुख्यानं डायफा नावाच्या पतंगाच्या अळीमुळे आणि मायक्रोमस नावाच्या नाजूक, जाळीदार पंखांच्या किड्यामुळे. जिथे हे मित्रकीटक भरपूर होते तिथली पानं तोडून लोकांनी दुसऱ्या फडांत नेऊन टांगली. ज्यांनी घाबरून पुन्हा पुन्हा औषध मारलं त्यांच्या फडात हे मित्र टिकले नाहीत. भाऊ आला की त्याला त्या वर्षाचं विचारा. माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

भावाच्या बाटलीबद्दल मात्र मी गोलगोल बोलणार नाही. मारू नका. 'रसायन म्हणजे पाप' असं मी म्हणत नाही. द्राक्षबाग औषधाशिवाय उभी करणं किती अवघड आहे हे मला कळतं, आणि तुमचा भाऊ काही वाईट सांगत नाही, तो त्याच्या सवयीनं सांगतोय. पण त्यालाच एक विचारा: "याचा पीएचआय किती?" फवारल्यापासून माल तोडेपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, तो आकडा. द्राक्षवाल्याला हा आकडा पाठ असतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांची जी अडवणूक झाली, त्यानंतर तर जास्तच. बागेत वर्षातून छाटण्या दोन, पण तोडणी एकदाच. मध्ये दिवस मोजता येतात. तुमच्या गच्चीवर दर दुसऱ्या दिवशी दोन टोमॅटो, चार मिरच्या, मूठभर चवळीच्या शेंगा निघतात. पंधरा दिवस थांबायचं तर नातवाला काय सांगणार? तो चार वर्षांचा आहे, तो मोजत नाही.

दुसरं म्हणजे बाटलीवर लेबल नाही. लेबलवर औषध किती जहाल हे सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कोणत्या पिकाला चालतं, लिटरला किती, पोटात गेलं तर डॉक्टरला काय सांगायचं, हे सगळं त्या कागदावर असतं. तुमच्याकडे आहे ती कोल्ड्रिंकची बाटली. घरात लहान मूल आहे, ताई. माळा उंच आहे हे मला मान्य, पण एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ती बाटली खाली येणारच. मोरीत ओतू नका, गटारातही नाही, ते पाणी शेवटी कृष्णेलाच जातं. वर चिठ्ठी चिकटवा, 'विष' लिहा, पिशवीत बांधा आणि भाऊ पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्या हातात द्या. तो बागेत वापरेल.

हाच न्याय मी सेंद्रियालाही लावते, आणि इथे काही वाचक माझ्यावर चिडतात. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हे खरं नाही. दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडांची पानं कुजवून केलेल्या अर्कात, बरेच जण कण्हेर आणि रुई घालतात, दोन्ही विषारी. शेतावर, ड्रममध्ये, महिनाभर कुजवून, हातमोजे घालून करणाऱ्यानं जरूर करावा. चार वर्षांच्या पोराच्या गच्चीवर तो ड्रम नको. तंबाखूचा काढा तर अजिबात नको. त्यातलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं, आणि निकोटिन सल्फेट या तंबाखूपासूनच्या कीटकनाशकाला आपल्या देशात वापराची परवानगी नाही. वर तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणूजन्य रोग लागू शकतो तो वेगळाच. लसूण-मिरचीचं पाणी मी स्वतः सोडून दिलं. एकदा वाऱ्यानं माझ्याच डोळ्यांत आलं, आणि मावा दुसऱ्या दिवशी होता तिथेच होता.

आणखी एक कबुली. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, भर दुपारी, 'जरा कडक करू' म्हणून मी कडुनिंबाचं तेल दुप्पट घेतलं आणि त्यात कपड्यांची पावडर टाकली. दुसऱ्या दिवशी ढोबळी मिरचीची पानं इस्त्री जास्त तापल्यावर कापडाला डाग पडतो तशी करपलेली. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, आमच्याकडे ऊन तुमच्या सांगलीपेक्षा थोडं सौम्य, तरी ही गत. तेव्हापासूनचं माझं प्रमाण सांगते: एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड अर्धा चमचा, ते नीट मिसळलं की ५ मिली कडुनिंबाचं तेल, बाटली सारखी हलवत राहायचं. ऊन उतरल्यावर मारायचं, कारण उन्हात त्यातला गुण लवकर जातो आणि पानंही भाजतात. शिवाय संध्याकाळी मधमाश्या घरी गेलेल्या असतात. पानाच्या खालच्या बाजूला. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस वाट बघायची. आणि पुढचा हात सात-आठ दिवसांनी, तोही गरज असेल तरच. तेलापेक्षाही मला निंबोळी अर्क आवडतो. मे-जूनमध्ये निंबोळ्या पडतात तेव्हा वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. लागेल तेव्हा ५० ग्रॅमची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून एक लिटर करायची आणि त्याच दिवशी संध्याकाळी संपवायची. शेतकरी ज्याला पाच टक्के अर्क म्हणतात तो हाच.

पण जास्वंदीला यातलं काहीच मारू नका, निदान पुढचे तीन आठवडे. तिथे काम वेगळं आहे. खोडावरून मुंग्यांची रांग चढते का, बघा. चढतच असणार. पिठ्या ढेकूण आणि मावा रस पिऊन जो गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांना जनावरं राखावीत तशा राखतात, पिल्लांना नव्या शेंड्यावर नेऊन सोडतात आणि ढालकिडा आला तर त्याला चावून हाकलतात. कुंडीखालची फरशी चिकट लागते ना? पानांवर काजळी धरल्यासारखं दिसतं ना? तोच तो चिकटा, आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करायची. खोडाला खाली वीतभर उंचीवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका. कुंडी तीन विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटल्यांत ठेवल्या तरी चालतं, फक्त त्या पाण्यात दर तीन दिवसांनी डास बघा. भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला एकही फांदी टेकलेली नको, नाहीतर मुंग्या पूल करतात. मग जे शेंडे पिठानं माखून वेडेवाकडे झालेत ते कापा, पिशवीत बांधून कचऱ्यात. पण कापायच्या आधी त्यांच्यावरच्या केसाळ अळ्या ब्रशनं दुसऱ्या फांदीवर उतरवा. उरलेल्या ढेकणांवर नळीनं पाण्याचा जोराचा फवारा. बस्स.

जाता जाता एक गंमत. ढोसल्यावर एखादी अळी पळाली नाही, पण पिठात लडबडून ढेकूण खाताना दिसली, तर तीही मारू नका. एक छोटं करडं फुलपाखरू आहे, ज्याची अळी पानं खात नाही, पिठ्या ढेकूणच खाते. त्याचा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो. नातवाला दाखवायला सापडला तर मला जरूर कळवा, मी अजून दोनदाच पाहिलाय.

आता खताकडे येते, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की भावानं दिलेलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) दर आठवड्याला चिमूटभर आणि वर शेणाची स्लरी देता. ताई, मावा-पांढऱ्या माशीला तुम्ही पंगतच वाढताय. नत्र जास्त झालं की पानं गर्द हिरवी, मऊ, रसरशीत होतात. आपल्याला वाटतं झाड मानवलं, आणि रस शोषणाऱ्या किडीला तेच हवं असतं. माव्याची मादी नराशिवायच पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवड्या-दहा दिवसांत स्वतः व्यायला लागतात. महिनाभर १९:१९:१९ बंद, स्लरी पंधरा दिवसांतून एकदा, पातळ करून. झाड थोडं फिकट दिसेल, दिसू दे. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच घ्या. अर्धं कच्चं शेणखत म्हणजे तुमच्या-आमच्या ऊसपट्ट्यात हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण. कुंडी रिकामी करताना इंग्रजी 'सी'सारखी वळलेली पांढरी जाड अळी दिसली तर ती मात्र वेचा, तिथे चिमटा वापरायला माझी हरकत नाही.

वांग्याचं दुखणं वेगळं आहे आणि त्यात फवाऱ्याचा उपयोग जवळजवळ नाही. शेंडा मान टाकतो म्हणजे शेंडा-फळ पोखरणारी अळी आत शिरलीय. आत बसलेल्या अळीपर्यंत ना भावाचं औषध सहज पोचतं ना तुमचं कडुनिंब. वाळलेल्या जागेच्या बोटभर खाली शेंडा कापा, चिरून बघा, आत फिकट गुलाबी अळी सापडेल. कापलेले शेंडे कंपोस्टमध्ये टाकू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा. भोक पडलेलं वांगं 'अजून थोडं चालेल' म्हणून झाडावर ठेवू नका. दर दोन दिवसांनी हे केलं तर सहा-आठ झाडांत फरक दिसतो. मोठ्या वावरात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावतात, चार झाडांना त्याची गरज नाही. हवं तर जुनी मच्छरदाणी नीट कडेनं बांधून टाका, वांग्याच्या फुलाला फळ धरायला किड्यांवाचून फारसं अडत नाही. कृष्णाकाठची वांगी खाल्लेल्या माणसाला मी वांगी सोडा म्हणणार नाही. पण तुम्ही तेच झाड वर्षभर छाटून छाटून ठेवलंय, असं पत्रावरून वाटतं. ते उपटा. दोन-तीन महिने त्या जागी वांगं, टोमॅटो, मिरची यातलं काही नको, मेथी-कोथिंबीर लावा.

मिरचीचा बोकड्या दोन तऱ्हांचा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे. खाली वळून, देठ लांबून, पान उलट्या वाटीसारखं झालं तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा घरातला नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड. दोन्हींना कडुनिंब थोडंफार आवरतं आणि पानाखालून पाणी मारणं त्याहून जास्त. सांगलीत मार्चपासून कोरडी हवा तापते तेव्हा लाल कोळी फोफावतो. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाणी मारलं तर तो हटतो. आमच्याकडे नेमकं उलट, जूननंतर गोगलगाईंशी रात्री टॉर्च घेऊन मारामारी. पण मिरचीचं किंवा टोमॅटोचं झाड पूर्ण खुजं, पिवळट, पानं बारीक नि सुरकुतलेली असं झालं असेल तर तो विषाणू आहे. त्याला औषध नाही, घरगुती नाही, दुकानातलं नाही. ते झाड उपटून बाहेर टाका, त्याच्यावर ताक ओतत बसू नका.

आणि लिंबावरच्या अळ्या. आधी चिमणीच्या शिटेसारख्या काळ्या-पांढऱ्या, मग हिरव्यागार, डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडणाऱ्या? ती फुलपाखरांची पिल्लं आहेत. २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून ब्लू मॉर्मनची निवड केली, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. तुमच्याकडचं बहुधा साधं लिंबाचं फुलपाखरू असेल, तरी काय बिघडलं? कुंडीतलं लिंबू लहान असेल, वीस-पंचवीसच पानं असतील, तर दोन अळ्या ठेवा आणि बाकीच्या कुणाच्या परसातल्या मोठ्या लिंबावर नेऊन सोडा. झाड कमरेएवढं असेल तर सगळ्या राहू द्या. झाडाला नवी पालवी फुटते, आणि अळी महिन्याभराच्या आत उडून जाते.

पिवळे चिकट सापळे लावू का, असंही तुम्ही विचारलंय. गच्चीला दोन लावा, पांढरी माशी किती आहे ते बघायला. दहा लावू नका, त्यांना ढालकिडेही चिकटतात. त्यापेक्षा कोथिंबीर आणि शेपूच्या एकेका कुंडीला फुलावर जाऊ द्या, कापू नका. त्या बारीक फुलांवर मित्रकीटक येऊन मध पितात, आणि मग त्यांची पिल्लं मावा खातात. टोमॅटोशेजारी झेंडू लावा. शेतकरी टोमॅटोच्या १४-१६ ओळींमागे एक ओळ झेंडूची लावतात ती फळ पोखरणाऱ्या अळीला झेंडूकडे वळवायला. तुम्हाला चार झाडांना एक झेंडू पुरे, गणपतीला फुलंही होतील. चवळीवरचा काळा मावा दिसला तर आठवडाभर हात लावू नका. तिथेच ढालकिडे पहिल्यांदा जमतात, तुमच्या गच्चीवरची ती खानावळ समजा. चवळीच्या चार शेंगा कमी निघतील.

मिस्टरांचा हिशेब चुकीचा नाही. दोन वर्षांत तुम्ही आणलेल्या बाटल्यांची किंमत काढली तर त्यांचं म्हणणं पटेल मलाही. पण तो खर्च टोमॅटोचा नव्हता, घाईचा होता. आता महिन्याला एक छोटी बाटली कडुनिंबाचं तेल, तीही संपणार नाही. हवं तर एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, आणि पहिल्यांदा ते मिस्टरांच्याच हातात द्या. जास्वंदीखाली बसवा त्यांना. आमच्या घरात ज्यांना बागेशी काही देणंघेणं नव्हतं ते आता सकाळी मला हाक मारतात, "अगं, तुझा तो केसाळ आज तिसऱ्या फांदीवर आहे."

तीन आठवड्यांनी जास्वंदीवर पीठ निम्म्यावर आलेलं असावं. आलं नाही, आणि मुंग्याही थांबलेल्या असल्या, तरच वर सांगितलेलं तेल-पाणी घ्या. जिथे केसाळ अळ्या नाहीत त्या फांद्यांवर मारा आणि मला लिहा. वांग्याचे शेंडे मात्र आज संध्याकाळीच छाटा, त्याला तीन आठवडे थांबायचं कारण नाही.